फणसाडला कोळी-किडे बघायला जायचंय, काय आणि कुठे शोधू?

खाडीकाठ
ऑक्टोबरमध्ये अलिबागला बहिणीकडे जाणारे, तिथून एक दिवस फणसाड अभयारण्य करायचा विचार आहे. सोबत भाचा, वय वर्षे दहा, त्याला बिबट्याबिबट्यात काडीचा इंटरेस्ट नाही, त्याला कोळी हवेत. कोळी, मुंग्या, गोमी, जे काय सरपटतं वळवळतं ते सगळं. घरातले म्हणतायत एवढं पेट्रोल जाळून किडे काय बघायचे. या नजरेने तिथे कुणी फिरलंय का? आणि विंचवाची भीती कितपत खरी?

मुरुडवाला
बिनधास्त जा. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं ते, 1986 ला अभयारण्य झालं, त्यामुळे जुनी झाडं टिकली आणि जुनं झाड म्हणजे साल, ढोली, खाली कुजका पाचोळा, म्हणजे भाच्याची चंगळच. लोक शेकरूसाठी माना वर करून चालतात आणि तोंडासमोरचं जाळं डोक्याला गुंडाळून घेतात 😄 ऑक्टोबरला जायंट वूड स्पायडरच्या माद्या पूर्ण वाढलेल्या असतात, दोन झाडांच्या मधे भलंमोठं जाळं, ऊन पडलं की धागा सोनेरी दिसतो, आणि पाय धरून पंजाएवढी मादी. नर मात्र त्याला शोधायला लावा, त्याच जाळ्यात कुठेतरी बारकासा तांबूस ठिपका असतो तोच नवरा. अजून बारीक चंदेरी थेंबासारखं काही दिसलं तर ते पिल्लू नाही बरं का, तो वेगळाच कोळी, दुसऱ्याच्या जाळ्यात राहून फुकट जेवणारा.

आठपाय
वरच्यात माझी भर. ओंबिलांची (झाडावरच्या तांबड्या मुंग्या, आमच्याकडे हुमले म्हणतात) पानं शिवलेली घरटी दिसली की तिथे थांबा, पुढे पळू नका. कामकरी मुंग्या रांगेने पानाच्या कडा ओढून धरतात आणि बाकीच्या आपल्याच अळ्या जबड्यात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात, अळीच्या तोंडातून रेशीम येतं त्याने पान चिकटतं. पण मजा ती नाही, मजा म्हणजे त्या रांगेच्या आसपास एखादी "मुंगी" जरा अडखळत चालते, मधेच थांबते, पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवते. पाय मोजा. आठ भरले की तो उडी मारणारा कोळी. कंबर मुंगीसारखी आवळलेली, रंग तोच तांबडा, आणि शंका आली तर बोट जवळ न्या, खरी मुंगी अंगावर येते, हा धागा सोडून खाली लटकतो. तो मुंग्या खायला आलेला नसतो, ओंबिलांच्या वाट्याला सहसा कोणी जात नाही त्याचा फायदा घेतो. दुसरा एक खेकड्या कोळी आहे तो मात्र पक्का डांबिस, त्याच्या पोटाच्या टोकाला दोन काळे ठिपके, म्हणजे मागची बाजूच मुंगीचं तोंड वाटते, आणि तो मुंगी पकडून सरळ धाग्याने खाली लोंबकळत खातो, वर बाकीच्यांना पत्ता नाही.

क्लिक_क्लिक
मी म्हणेन सगळ्याचे फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी करायचं ॲप) टाका, संध्याकाळी प्रजातींची यादी तयार, मुलाला पण अचीव्हमेंट वाटते.

आठपाय
टाका जरूर, नोंद कधीतरी उपयोगी पडते. पण कोळ्यांच्या बाबतीत त्या यादीवर विश्वास नको, कितीतरी कोळी जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय प्रजातीपर्यंत ओळखताच येत नाहीत, पिल्लांचं तर नावच नको. कुळापर्यंत पोचलात तरी खूप. माझं मत विचाराल तर यादी सोडा, एकच पडलेलं लाकूड घ्या आणि तासभर बसा. पैसा (किडा हो, नाणं नाही) दिसेल, गोम दिसेल, गोमेला शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, पैशाला बहुतेक खंडांना दोन. गोम शिकारी, ती चावते, तिच्यापासून लांब. पैसा बिचारा पाचोळा खाऊन जमिनीला परत देतो, उगाच चिरडू नका.

डॉक_रायगड
विंचवाचं. भीती खरी आहे पण कोकणातला तो तांबडा विंचू नुसत्या जंगलात नसतो, बांधावर, लाकडाच्या ढिगात, घराच्या कुडात पण असतो. एकेकाळी लोक यात सर्रास दगावायचे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला तेव्हापासून चित्र बदललं. तरी मुलाला डंख झाला, घाम सुटला, उलटी झाली तर मांत्रिक वगैरे भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल. बूट घाला, दगड-लाकूड हाताने उलटू नका. भाच्याला विंचू बघायचाच असेल तर यूव्ही टॉर्च घ्या, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, पण हे राहाल तिथल्या अंगणात करा, अंधारात अभयारण्यात शिरायचं नाही.

खाडीकाठ
भारी माहिती, सगळ्यांना धन्यवाद 🙏 एकच प्रॉब्लेम, भाचेसाहेबांनी झाकणाला भोकं पाडून जॅमची बाटली पॅक केलीये.

मुरुडवाला
बाटली घरी. अभयारण्यातून किडाच काय, पान पण उचलायचं नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे आणि गेटवर बॅग बघितली तर तुमचीच पंचाईत. स्टेशनरीवाल्याकडे भिंग मिळतं ते द्या हातात. आणि निघायच्या आधी वनखात्याच्या ऑफिसला फोन करून वेळ आणि गाइडचं विचारून घ्या, गाइडला पहिल्याच मिनिटाला सांगा की शेकरू नको, सावकाश चालायचंय, नाहीतर तो तुम्हाला पळवत पाणवठ्यापर्यंत नेऊन आणेल.