मदत हवी आहे: कारखान्याचा गाळ भातखाचरात टाकू द्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहतो. शेत मुरबाडकडे, काका बघतात. दोन एकर भात आणि घरामागे भाजीचा तुकडा. गेल्या वर्षी रबाळ्याकडचा एक ट्रकवाला भेटला. खाद्यपदार्थांच्या कारखान्याच्या सांडपाण्याचा गाळ, "एकदम सेंद्रिय", फुकट, फक्त गाडीभाडं द्यायचं. शेणखत मिळणं किती अवघड झालंय ते तुम्हाला सांगायला नको. काकांनी एक गाडी उतरवून घेतली.

डिसेंबरात तो गाळ कच्चाच वांग्याच्या वाफ्यांत मिसळला. आंबूस वास पंधरा दिवस हटला नाही. मग खालची पानं पिवळी पडली, कडा करपल्या. वाफा वाळला की ढेकळांवर पांढरी पूड, बोटाला मिठासारखी खरखरीत. एक रोप उपटलं तर पांढरी मुळी जवळजवळ नाहीच.

आता तोच माणूस मेअखेर चार गाड्या खाचरांत टाकतो म्हणतोय. काका म्हणतात, "पावसात मुरेल सगळं." खाचरांच्या खालच्या अंगाला आमची पिण्याची विहीर आहे. काकांना अडवायचं तर हातात काहीतरी ठोस हवं. कोणत्या तपासण्या करू?

प्रतिसाद:
आधी गाड्या थांबवा. तुमच्याकडे दोन गोष्टी एकदम झालेल्या दिसतात. न कुजलेला गाळ जमिनीत कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून खालची पानं पिवळी. करपलेल्या कडा आणि पांढरी पूड हे क्षारांचं लक्षण. अशा कारखान्यांत टाक्या कॉस्टिक सोड्याने धुतात, त्यातलं सोडियम गाळात उतरू शकतं. क्षार कोकणच्या पावसात बरेचसे धुऊन जातात, जड धातू मात्र जमिनीतच राहतात. त्या पट्ट्यात रासायनिक कारखानेही आहेत, त्यामुळे गाडीत नक्की कुठला गाळ आहे याचा कागद मागा. कागद नसेल तर विषय संपला.

प्रयोगशाळेत सामू (पीएच), क्षारता (विद्राव्य क्षारांचं प्रमाण, ईसी), कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कार्बन) आणि जड धातू तपासा. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला (शहरातल्या कचऱ्याच्या खताला) क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत चालते. किलोमागे शिसं 100, क्रोमियम 50, कॅडमियम 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, गुणोत्तर 20 च्या आत हवं. सगळं मर्यादेत आलं तरी पेंढा आणि शेण घालून तीन-चार महिने कुजवल्याशिवाय टाकू नका. आणि विहिरीच्या वरच्या अंगाला ढीग नकोच.

धागाकर्ता:
मनापासून आभार. काकांना आत्ताच फोन केला, कागद आल्याशिवाय गाडी उतरवणार नाही म्हणाले. नमुना ट्रकवाल्याकडून मागवू का?

प्रतिसाद:
नको. वांग्याच्या वाफ्यांतली माती आणि उरलेला गाळ स्वतः घ्या, आठ-दहा ठिकाणांहून, ढिगाच्या आतूनसुद्धा. तोवर दोन कुंड्यांत मूग पेरा, एकीत नुसती माती, दुसरीत गाळ मिसळलेली. आठवड्याभरात काकांना डोळ्यांनी दिसेल. विहिरीचं पाणीही वेगळं तपासून घ्या.