मेहरच्या रकान्यातला एक शब्द

जिंतूर रोड :
‘उदगीरकर’ यांनी परवा येथे लिहिले की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच स्त्रीला मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), वारसा, स्वतःची मालमत्ता आणि खुला (बायकोने मागून घेतलेली सुटका) हे सगळे हक्क देऊन ठेवले आहेत. तेव्हा आज जी बाई कुरकुर करते तिने एक तर धर्म वाचलेला नाही, नाही तर तिला कोणी तरी पढवून पाठवले आहे. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसऱ्या भागाने मात्र माझे डोके असे तापले की तपासायच्या वह्या बाजूला सारून हे लिहायला बसले आहे. मी धर्म वाचला आहे. अब्बा फजरच्या नमाजानंतर आम्हा दोघी बहिणींना तर्जुम्यासह कुराण वाचायला बसवीत, आणि पाठ चुकला तर चहा मिळत नसे.

माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह परभणीतच झाला. शादीखान्याच्या मागच्या अंगणात देगा उतरत होत्या आणि आत काझीसाहेब निकाहनामा भरत होते. मेहर २१,००० रुपये ठरला होता. रकमेपुढे एक शब्द लिहिला जातो. ‘मुअज्जल’ लिहिले तर मेहर मागताक्षणी द्यायचा. ‘मुवज्जल’ लिहिले तर पुढे, म्हणजे तलाक किंवा मृत्यू झाल्यावर. उर्दूत एकात ऐन आहे, दुसऱ्यात हमजा डोक्यावर घेतलेला वाव, आणि कानाला दोन्ही शब्द सारखेच. दोन गवाह आत आले, रक्कम सांगून विचारले, बहिणीने ओढणीच्या आतून मान हलवली. आपण वावाला संमती दिली हे तिला अडीच वर्षांनी समजले. त्याच दिवशी जोड्याची रक्कम, म्हणजे नवऱ्या मुलाला द्यायचा हुंडा, मात्र नगद मोजून घेतली गेली होती आणि मोटारसायकलची चावी सगळ्यांदेखत दिली गेली होती. त्यांना उधारीचा शब्द कोणी लावला नव्हता.

अडीच वर्षांनी रमजानच्या तोंडावर नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले आणि पुन्हा नेले नाही. तलाकही दिला नाही. कशाला देईल? त्याने तलाक दिला तर मेहर त्याला द्यावा लागतो. तिने कंटाळून खुला मागितला तर मेहरवर तिला पाणी सोडावे लागते. म्हणून तो गप्प बसून तिच्या कंटाळण्याची वाट पाहतो. कुराणातल्या सूरह निसाच्या १२९व्या आयतीत बायकोला अधांतरी लटकत ठेवू नका असे बजावलेले आहे. माझी बहीण चार वर्षे नेमकी तशीच लटकते आहे, आणि तिला लटकवणारा मनुष्य दर जुम्याला पहिल्या सफमध्ये उभा असतो. हक्क ग्रंथात आहेत, उदगीरकर साहेब, त्याबद्दल तंटा नाही. त्यांची किल्ली कोणाच्या खिशात आहे, एवढेच मी विचारते आहे.

उदगीरकर :
आपा, बहिणीचे ऐकून वाईट वाटले हे प्रथम नोंदवतो, कारण पुढचे वाचून आपण मला दगडाच्या काळजाचा म्हणाल. आपण सांगितलेली प्रत्येक गोष्ट शरियत पाळली म्हणून नव्हे, तर पाळली नाही म्हणून घडली आहे. मेहर खुशीने द्या असा हुकूम त्याच सूरहच्या चौथ्या आयतीत आहे. जोड्याची रक्कम हा आपल्या हैदराबादी मुलखाचा रिवाज. शरियतमध्ये तिला जागाच नाही. खुल्याचे म्हणाल, तर साबित बिन कैस यांच्या पत्नीने ‘त्याच्या दीनात किंवा वागण्यात खोट नाही, पण माझ्याने राहवत नाही’ असे सांगितले, तेव्हा हुजूरांनी, म्हणजे पैगंबरांनी, ‘त्याची बाग परत करशील का’ एवढेच विचारले आणि तिला मोकळे केले. जिथे खोट नवऱ्याची असते, तिथे खुला मागायचाच नसतो. तिथे फस्ख आहे. १९३९ च्या कायद्यानुसार नवऱ्याने दोन वर्षे खावटी दिली नाही तर बाईला कोर्टातून निकाह रद्द करून घेता येतो, आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने तिचा मेहर शाबूत राहतो. या कायद्यामागेही उलेमाच होते. मौलाना अशरफ अली थानवी स्वतः हनफी पंथाचे असूनही अडकलेल्या बायकांच्या सुटकेसाठी त्यांनी मालिकी पंथाचे मत उचलून धरले, तेव्हा ती वाट खुली झाली. मग आपण चार वर्षे काय केले? प्रश्न कडवट आहे, तरी विचारतो.

जिंतूर रोड :
काय केले ते सांगते. पहिले वर्ष जमातीच्या बैठकांत गेले, कारण आपल्यासारख्याच बुजुर्गांनी कोर्टात जाऊन खानदानाची अब्रू चव्हाट्यावर आणू नका असे सांगितले होते. त्या बैठकांत बहिणीला एकदाही बोलावले नाही. मी चहाचे कप घेऊन आत गेले तेवढ्यात जे कानावर पडले, तेच आम्हाला कळलेले कामकाज. त्याच सूरहच्या ३५व्या आयतीत दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ सांगितला आहे. आमच्या दिवाणखान्यात सात बसले होते, सातही त्यांच्या बाजूचे, आणि त्यातल्या एकाने तर ‘बच्ची को सबर सिखाओ’ म्हणून अब्बांनाच दटावले. फस्खचा कायदा मला ठाऊक नव्हता, हे कबूल. पण चाळीस वर्षे एकही जुमा न चुकवणाऱ्या अब्बांनाही तो ठाऊक नव्हता. बाईच्या पडद्यावर त्यांनी किती बयान ऐकले असतील याची मोजदाद नाही. फस्खवर एकही नाही. तीन तलाकचा कायदा २०१९ मध्ये झाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले नाहीत तरी सुस्कारे जरूर सुटले. आता तिथले पुरुष ‘तलाक’ हा शब्दच उच्चारत नाहीत. नुसते आणून सोडतात.

देवगिरी :
हे वाचून एकच म्हणावेसे वाटते की समान नागरी कायदा आला की हे सगळे एका फटक्यात संपेल. उत्तराखंडने २०२५ मध्ये तो लागू करून दाखवला. आमच्याकडे मुलीला मुलाइतका वाटा मिळतो, यांच्याकडे आजही निम्मा. यात चर्चा करण्यासारखे काय आहे?

निवृत्त तलाठी :
‘आमच्याकडे मिळतो’ हे वाक्य वाचून हसू आवरले नाही. मी ३१ वर्षे तलाठी होतो, बहुतेक गोदाकाठच्या काळ्या रानात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकेच जन्मतः वाटेकरी, केले, केंद्राने २००५ मध्ये. बाप वारला की वारसाच्या फेरफाराला आम्ही बहिणींची नावे लावीत असू, आणि ती शाई वाळते न वाळते तोच पोरे हक्कसोडपत्राची नक्कल घेऊन दारात उभी. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लिंबाखाली जीप, जीपमध्ये बहिणी, अंगावर घडीसुद्धा नीट न मोडलेली नवी लुगडी. अंगठ्याची शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात असा लांब धरून त्या बाहेर यायच्या, आणि भाऊ त्यांना समोरच्या रसवंतीवर घेऊन जायचा. दोन एकरांच्या बदल्यात एक लुगडे आणि एक ग्लास रस. मुसलमानांच्या घरी निराळे होते असेही समजू नका. त्यांच्या बहिणी निम्म्या वाट्याचे हक्कसोड करीत, आमच्या पूर्ण वाट्याचे. कचेरी एकच, रसवंतीही तीच. माझ्या थोरल्या बहिणीनेही सही केली. मी तिला तो कागद वाचून दाखवला नाही, आणि मी तलाठी होतो.

देवगिरी :
आपल्या घरची चूक आपण सगळ्या समाजाच्या गळ्यात मारू नये. माझ्या दोन्ही आत्यांनी स्वखुशीने हक्क सोडला, आणि आम्ही आजही दिवाळीला गाडी पाठवून त्यांना आणतो. वाडवडिलांच्या रानाचे तुकडे होऊ नयेत एवढी समज त्यांना होती. मूळ विषय शरियतचा आहे, त्यावर बोलावे.

निवृत्त तलाठी :
स्वखुशीच असते, तर एखाद्या भावाने बहिणीसाठी हक्क सोडल्याचा एक तरी फेरफार माझ्या हाताखालून गेला असता. ३१ वर्षांत गेला नाही. आत्यांना गाडी पाठवता हे फार चांगले करता. सातबाराची प्रतही गाडीत ठेवत चला.

गेवराईची सून :
मी हक्कसोडावर सही केली नाही. दोघा भावांनी त्या दिवसापासून बोलणे टाकले, आई आजारी पडली तेव्हा मला चौथ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळले, आणि तेराव्याला मी पंगतीत बसले तर भावजय वाढता वाढता माझे पान ओलांडून पुढे गेली. वाटा आजही कागदावर आहे, रान भाऊच कसतात. त्यामुळे ‘आमच्या बायका किती सुखात’ ही शर्यत येथे कोणीही लावू नये. जिंतूर रोडच्या ताई, तुमच्या धाग्यात घुसले, राग मानू नका.

जिंतूर रोड :
राग कसला, ताई. राग आहे तो देवगिरी यांच्यावर. माझ्या बहिणीच्या दुःखाची काठी करून त्यांनी स्वतःचा झेंडा लावू नये. शहाबानोच्या वेळीही हेच झाले: १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका म्हाताऱ्या बाईला खावटी दिली, एका बाजूने तिला धर्मबुडवी ठरवले, दुसऱ्या बाजूने तिचा फलक केला, आणि शेवटी १९८६ चा कायदा करून सरकारने पाय मागे घेतला. त्याच्याही वीस वर्षे आधी, १९६६ मध्ये, समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुसलमान बायका मुंबईत विधिमंडळावर चालत गेल्या होत्या. त्या सात जणींना कोणी पढवून पाठवले होते, हे उदगीरकरांनी सांगावे.

खंडपीठातला एक वकील :
हक्कसोडाने मूळ प्रश्न गिळलेला दिसतो, तरी दोन दुरुस्त्या करतो. पहिली अशी की औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्ण पीठाने २००२ मध्येच सांगितले आहे की ‘मी तलाक दिला’ एवढे जबाबात लिहून भागत नाही. कारण होते का, दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे नवऱ्याला सिद्ध करावे लागते. म्हणजे जिंतूर रोड यांनी सांगितलेली ३५वी आयत न्यायालयाने कायद्याची अट म्हणून वाचली, आणि ती वाचायला न्यायालय लागले, हे जिंतूर रोड यांचे म्हणणेही खरे ठरते. दुसरी दुरुस्ती ‘निम्म्या वाट्या’बद्दल. १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमातून शेतजमीन वगळलेली आहे. आपल्या भागात मालमत्ता म्हणजे शेतजमीनच, त्यामुळे मुलीला तो निम्मा वाटाही नाकारण्यासाठी रूढीचा दाखला काढणारे पक्षकार मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या तोंडी शरियतचा अभिमान सगळ्यांत मोठा असतो. जिंतूर रोड यांच्या बहिणीला खावटीसाठी फस्खची वाट पाहण्याचीही गरज नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने १२५वे कलम, आता नव्या संहितेतले १४४वे, तिला आजच खुले आहे. तलाक झालेल्या मुसलमान स्त्रीलाही ते लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

उदगीरकर :
वकीलसाहेबांनी शेतजमिनीचे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते असे लिहिण्याची या धाग्यावर पद्धत नाही, तरी लिहितो. दलवाईंवर मी बोलणार नाही, कारण बोललो तर हा धागा बंद पडेल. निम्म्या वाट्यावर मात्र मागे हटणार नाही. मुलाला दुप्पट मिळते ते चैनीसाठी नाही. त्यातून त्याने बायकोचा मेहर द्यायचा, घर चालवायचे, निराधार बहीण सांभाळायची. बाईचा पैसा मात्र पूर्ण तिचा, त्यातून चूल पेटवण्याची सक्ती तिच्यावर नाही. एक बाजू वाचून तराजू वाकडा म्हणणे हा न्याय नव्हे.

जिंतूर रोड :
दुसरी बाजूही वाचली आहे. वाटा मोजून मिळतो, जबाबदारी कोण मोजतो? आमच्या भावाला अब्बांच्या घराचे दोन हिस्से मिळाले, आम्हा दोघींना एकेक. लटकलेली बहीण माझ्या खोलीत राहते आणि रात्री एकपर्यंत शिलाई मशीन चालवते. भाऊ ईदला मिठाई पाठवतो. त्याने जबाबदारी सोडली म्हणून त्याचा दुसरा हिस्सा काढून बहिणीला देणारी एखादी दारुल-कझा (शरियतप्रमाणे निवाडा करणारी कचेरी) आपल्या माहितीत असली, तर पत्ता द्या, मी उद्याच्या पहिल्या एसटीने निघते. आणि धर्म बुडेल ही भीती मला घालू नका. ट्यूनिशियाने १९५६ मध्ये दुसरी बायको करण्यावर बंदी घातली. पाकिस्तानात १९६१ पासून तलाकची लेखी नोटीस युनियन कौन्सिलच्या अध्यक्षाला देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. तिथे अजान बंद झालेली नाही.

उदगीरकर :
पाकिस्तानचा दाखला आपण मला द्यावा आणि देवगिरींनी त्यावर टाळ्या वाजवाव्यात, असे दिवस आले. तो पत्ता माझ्याकडे नाही.

उदगीरकर :
तीन आठवड्यांनी लिहितो आहे. परवा धाकट्या मुलीचा निकाह झाला. काझीसाहेबांनी सवयीने ‘मुवज्जल’ लिहिले. मी चष्मा लावून ते पाहिले, खोडायला लावले, आणि जोड्याची रक्कम देणार नाही हे आधीच सांगितले असल्यामुळे व्याह्यांच्या कपाळाला होत्या त्या आठ्यांत आणखी दोन वाढल्या. मेहर त्यांनी जागेवरच मोजला; जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. हे मी आपल्या सांगण्यावरून केले असा समज आपण करून घेऊ नये. शरियतमध्ये ते पहिल्यापासूनच आहे.

जिंतूर रोड :
समज करून घेत नाही. मुलीला मुबारकबाद सांगा. खोडलेल्या जागी दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या ना?