एनएडी आणि एनएडीएच एकसारखे ठेवू नका

तुमचं एनएडीएचचं सोल्युशन दोन दिवसात रीडिंग कमी देतंय म्हणालात, तर आधी पीएच बघा असं मला वाटतं. एनएडी आणि एनएडीएच ही एकाच को-एन्झाइमची (एन्झाइमला कामात मदत करणाऱ्या रेणूची) दोन रूपं असली तरी स्वभाव अगदी उलटा आहे, एनएडीएचला ॲसिड सोसत नाही आणि एनएडीला अल्कली, त्यातून गरम केलं तर दोघंही लवकर जातात. म्हणून एनएडीएच साध्या पाण्यात विरघळवू नका, पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून थोडं ॲसिडिक झालेलं असतं, त्यापेक्षा 10 मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड घ्या. फॉस्फेट बफरमध्येही (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ते जास्त वेगाने खराब होतं, ट्रिस बफर बरं पडतं.

दुसरं म्हणजे बाटली. उणे 20 अंशांच्या फ्रीझरमधून काढल्या काढल्या झाकण उघडायचं नाही हो! आत दव धरतं आणि पावडर ओलावा लगेच ओढते. आमच्याकडे पावसाळ्यात एक अख्खी बाटली अशीच पिवळी पडली, फार हळहळ वाटली. आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, मग वजन करा, उरलेलं सिलिका जेलसोबत परत आत, आणि उजेडापासून लांब.

वजनावर तर अजिबात विसंबू नका. 340 नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला जातो ते) मोजा, 0.1 मिलिमोलर एनएडीएचला 1 सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजायच्या पारदर्शक नळीत) 0.622 च्या आसपास यायला हवं. कमी आलं तर एन्झाइमला दोष देण्याआधी ताजं सोल्युशन करून बघा, मी तर रोज सकाळी लागेल तेवढंच करते आणि बर्फावर ठेवते.