सॅन फ्रान्सिस्को: बाबांना आणि मुलाला बेसबॉलची मॅच दाखवायची आहे, ओरॅकल पार्कबद्दल सल्ला हवा

फ्रीमाँटकर: नाशिकहून आई-बाबा आले आहेत. बाबा पक्के क्रिकेटवाले, मुलगा आठ वर्षांचा, आणि बेसबॉल आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. इथल्या जायंट्स संघाची एक मॅच त्यांच्या ओरॅकल पार्क मैदानावर बघायची आहे. कुठली तिकिटं घ्यावीत? आईचे गुडघे दुखतात, ती कंटाळेल का? खायचं काय?

सातवी_इनिंग: नक्की जा. मी दर वर्षी चार-पाच मॅच बघते, आणि नवख्यांना एकच सांगते: गेट उघडतं तेव्हाच पोहोचा, मॅच सुरू होताना नको. हे मैदान नुसतं बसून बघायचं नाही, हिंडून बघायचं आहे. बाहेर जायंट्सचा जुना दिग्गज खेळाडू विली मेजचा पुतळा आणि त्याभोवती चोवीस ताडाची झाडं आहेत, कारण त्याच्या जर्सीचा नंबर २४. उजवीकडची भिंतही त्याच्या मानाने २४ फूट उंच ठेवली आहे. बाबांना हे आधीच सांगा, मग ते त्या भिंतीकडे वेगळ्या नजरेने बघतील.

त्या भिंतीपलीकडे मकोव्ही कोव्ह, म्हणजे खाडीचं पाणीच. भिंत होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) जेमतेम ३०९ फुटांवर आहे, त्यामुळे डावखुऱ्या बॅटरचा जोरदार फटका थेट पाण्यात पडतो. तिथे लोक कयाक घेऊन चेंडूची वाट बघत बसलेले असतात! २००० साली मैदान सुरू झालं आणि पाण्यात पहिला होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) जायंट्सच्या बॅरी बाँड्सने मारला, त्याच वर्षी. २००७ मध्ये ७५६वा होमरन मारून त्याने हँक आरनचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला, तोही इथेच.

तिकिटं वरच्या मजल्यावरची, होम प्लेटच्या मागची घ्या. स्वस्त असतात आणि खाडी पूर्ण दिसते. खालच्या महागड्या जागांवरून ती दिसत नाही. लिफ्ट आहे, आईंना जिने चढावे लागणार नाहीत. फक्त रांग फार वरची नको.

दादरचा_डावखुरा: मुलाला डाव्या बाजूला मागे न्या. कोका-कोलाच्या बाटलीच्या आकाराची घसरगुंडी आहे, आणि शेजारी २६ फूट उंच जुन्या काळचा चार बोटांचा ग्लव्ह. आमची लेक तिथून हलायलाच तयार नव्हती.

बाबांसाठी एक गंमत: चेंडू फाऊल होऊन, म्हणजे हद्दीच्या रेषेबाहेर जाऊन, प्रेक्षकांत आला की ज्याने पकडला त्याचा, परत द्यायचा नसतो. माझ्या सासऱ्यांना हे कळल्यावर त्यांनी पुढचे तीन तास डोळे मैदानावरून हलवले नाहीत. मात्र खाली बसलात तर मोबाइलमध्ये मान घालून बसू नका. तिथे चेंडू फार वेगाने येतो.

फ्रीमाँटकर: आणि खाण्याचं? आई शाकाहारी आहे.

सातवी_इनिंग: गार्लिक फ्राइज घ्या. लसणाचं गाव गिलरॉय आपल्याकडून तासाभरावरच, त्यामुळे इथे लसूण सढळ असतो. वास अख्ख्या मजल्यावर दरवळतो. घरचं खाणंही आत नेता येतं. मी थालीपीठ आणि दाण्याची चटणी नेते. बॅगेच्या आकाराची मर्यादा तेवढी आधी बघून ठेवा.

सर्वांत महत्त्वाचं: जाकीट, कानटोपी, आईंना शाल. जूनमधली संध्याकाळ आहे म्हणून फसू नका. सूर्य खाली गेला की खाडीवरचा वारा हाडं गोठवतो. आईंची चिंता असेल तर दुपारची मॅच घ्या.

किंग_स्ट्रीट: गाडी नेऊ नका. कॅलट्रेन या लोकल रेल्वेचं शेवटचं स्टेशन मैदानापासून चालत पाच मिनिटांवर आहे. फ्रीमाँटहून बार्ट मेट्रोने एम्बार्काडेरो स्टेशनला उतरून एन लाइनची म्युनी ट्राम घेतली तरी दारात उतरवते. आणि कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्धची मॅच पहिल्याच खेपेला नको. गर्दी फार, तिकिटंही महाग.

फ्रीमाँटकर: ताई, दादा, मनापासून आभार. शनिवारी दुपारची चार तिकिटं काढली, वरच्या मजल्यावरची. बाबा सकाळपासून विचारताहेत, पाण्यात पडलेला चेंडू कुणाचा. म्हटलं, कयाकवाल्याचा. आता म्हणतात, कयाक भाड्याने मिळते का ते विचार.

दादरचा_डावखुरा: मिळते! पण आधी एक मॅच आतून बघू दे त्यांना.