मदत हवी आहे: पॅसिव्हवर तयार झालेला हात अ‍ॅक्टिव्ह पिकअपवर बसत नाहीये

मंडळी, नमस्कार.

मी नाशिकला एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपती-नवरात्रात मंडळांचे स्टेज, लग्नसराईत गंगापूर रोडकडच्या लॉन्सवरचे कार्यक्रम, मधूनच कॉलेजच्या पोरांबरोबर रॉक. एकाच रात्री भावगीताच्या मागे अलगद आर्पेजिओ आणि थोड्या वेळाने दणदणीत रिफ, दोन्ही एकाच गिटारवर काढावं लागतं. आजवर साधी पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणाऱ्या, हंबकरची गिटार होती (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी, हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप). आता सेकंडहँडमध्ये एक घेतली, तिच्यात ब्रिजला ईएमजी कंपनीचा ८१ आणि नेकला ८५ आहे, दोन्ही बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह. गिटार फार चांगली आहे, नेक सरळ, फ्रेट जवळजवळ नवे. ती मला ठेवायचीच आहे. म्हणून ‘पिकअप काढून टाका’ हा सल्ला नको, हिच्याशी जुळवून कसं घ्यायचं ते सांगा.

मला जेवढं समजलंय ते आधी मांडतो. पॅसिव्ह पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वेढे जास्त म्हणून सिग्नल पुरेसा मिळतो, पण इंडक्टन्सही (कॉइलचा वरच्या सुरांना होणारा अडसर) वाढतो आणि पुढचे पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर), केबल, अँपचं इनपुट या सगळ्यांचा भार त्या बिचाऱ्या कॉइलवर येतो. अ‍ॅक्टिव्हमध्ये वेढे कमी, चुंबकाची ओढ कमी, आणि पिकअपच्या डबीतच छोटा प्रीअँप. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १० किलोओमपर्यंत खाली आणतो. मेटलवाल्यांनी हे पिकअप डोक्यावर घेतले हे खरं, पण पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने आपल्या लाल स्ट्रॅट गिटारवर ईएमजीचेच सिंगल कॉइल लावून किती नाजूक वाजवलंय! त्यामुळे अ‍ॅक्टिव्हवर हळुवार काही निघत नाही, हे मी मान्य करणार नाही.

आता अडचण. सगळ्यात मोठी व्हॉल्यूम नॉबची. जुन्या गिटारवर मी अँपचा आवाज जरासा फाटेल इतका गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ते) ठेवायचो. नॉब सातवर आणला की आवाज स्वच्छ, दहावर नेला की रिफ. गाणं चालू असताना करंगळीने व्हायचं, पेडल शोधायला खाली बघावं लागत नसे. नव्या गिटारवर आठच्या खाली आलं की आवाजावर कुणी गोधडी टाकल्यासारखं होतं. टोन नॉब तर त्याहून विचित्र: दहापासून जवळजवळ एकपर्यंत काहीच फरक नाही, आणि शेवटच्या जराशा फिरवण्यात सगळी ट्रेबल गायब. इम्पीडन्स कमी असल्यावर नॉब खाली आणला तरी ट्रेबल टिकायला हवी ना? इथे उलटं का?

दुसरं, उजव्या हाताचं. पिक हळू मारला काय, जोरात मारला काय, आवाजात जो चढउतार यायला हवा तो दबल्यासारखा वाटतो. भावगीताच्या मागे वाजवताना हे फार जाणवतं. गायिका आवाज खाली आणते आणि माझी गिटार तशीच तिच्या पुढे उभी राहते. मला हे सहन होत नाही.

तिसरं जरा वेगळं. ईएमजीला ब्रिजला जोडलेली अर्थची तार लागत नाही, ती काढायची असते असं ऐकलं. माझ्या गिटारमध्ये ती तशीच आहे. मंडळाच्या स्टेजवर जनरेटर, मांडववाल्याची वायरिंग, अर्थिंगचा पत्ता नाही; माइकला ओठ लागला की झटका बसतो हे इथल्या प्रत्येक वाजवणाऱ्याला माहीत आहे. ती तार काढली तर खरंच सुरक्षित होतं का?

आणि दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्ट करून घ्यावं का, हेही सांगा. कुणी वर्षानुवर्षं अ‍ॅक्टिव्हवर वाजवत असेल तर त्यांचा अनुभव मला हवाय.

प्रतिसाद

तुमची लक्षणं वाचून मला पिकअपवर शंकाच येत नाही. मागचं झाकण उघडा आणि पॉटवर काय छापलंय ते बघा. ईएमजीबरोबर २५ के (किलोओम) चे पॉट येतात. पॅसिव्ह हंबकरला ५०० के असतात. बरेच जण पिकअप तेवढे बदलतात आणि जुने पॉट तसेच ठेवतात.

५०० के असतील तर सगळं जुळतं. व्हॉल्यूम अर्ध्यात आणला की सिग्नलच्या वाटेत पॉटचाच लाखो ओमचा रोध येतो, पुढे केबलची कपॅसिटन्स, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. दोघं मिळून ट्रेबल खातात. पिकअपचा इम्पीडन्स १० के असून उपयोग काय, पुढे तुम्ही पुन्हा वाढवलात. टोनचंही तेच: ५०० के चा पॉट १० के च्या स्रोतासमोर शेवटच्या थोड्याशा भागातच काम करतो, बाकी सगळं फिरवणं वाया. टोन नॉबला जोडलेला, ट्रेबल कापणारा कपॅसिटरही बघा, पॅसिव्हला बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरड असतो, ईएमजी ०.१ देते.

२५ के लॉग (कानाला सम वाटेल असा फिरणारा पॉट) मिळाला नाही तर २२ के लॉग चालेल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो सहसा असतो. मात्र शाफ्टची जाडी आणि गिटारचं भोक आधी मोजून न्या.

अर्थच्या तारेचं: हो, काढायची. पॅसिव्हमध्ये तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडतात कारण त्याशिवाय गुणगुण वाढते. ईएमजी आतून शील्ड केलेले असल्याने गरज नाही. तार काढली की बोटांमधून अर्थकडे जाणारा मुख्य रस्ता बंद होतो. पण जॅकची पट्टी, धातूचे नॉब, ट्रसरॉडशी (नेकमधल्या सळईशी) जोडलेलं काही असेल तर ते अर्थवरच असतं. एवढ्यावर विसंबून मांडवात उभं राहू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक जॅकच्या धातूला, दुसरं माइकच्या जाळीला. काही व्होल्टांपेक्षा जास्त आकडा दिसला तर साउंडवाल्याला सांगा, आणि दुरुस्त होईपर्यंत माइकजवळ जाऊ नका. गाणं उशिरा सुरू झालं तरी चालेल.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. उघडून पाहिलं, दोन्ही पॉट ५०० के, कपॅसिटर जुनाच. आधीच्या मालकाने पिकअप तेवढेच घातलेले. २५ के लॉग आणि ०.१ चा कपॅसिटर लावून घेतला, अर्थची तार काढून टोकाला टेप गुंडाळली.

फरक खूप आहे. व्हॉल्यूम पाचवर आणला तरी वरचे सूर जसेच्या तसे. टोन नॉब आता सगळीकडे बोलतो. पण करंगळीची जुनी सवय अजून जुळत नाही. आधी नॉब खाली आणला की आवाज लहानही व्हायचा आणि थोडा गोलही, आता फक्त लहान होतो. आणि पिकच्या जोराचं दुखणं तसंच आहे.

प्रतिसाद

मी बेस वाजवतो, पण माझाही अ‍ॅक्टिव्हच, म्हणून लिहितोय. पुढचं दुखणं गिटारचं कमी, बाकीच्या सेटिंगचं जास्त आहे.

तुमच्या कानाला ज्या आवाजाची सवय आहे तो एकट्या पिकअपचा कधीच नव्हता. पॅसिव्ह पिकअप आणि लांब केबल मिळून वरचा भाग आपोआप कापत होते. आता तो कापला जात नाही, म्हणून गोलवा गेला. तो अँपवर परत आणा: ट्रेबल आणि प्रेझेन्स (अगदी वरच्या सुरांचा नॉब) उतरवा, जुन्या जागेवर ठेवून तुलना करू नका. गेनही नव्याने बसवा. ८१ चं आउटपुट दांडगं आहे. जुन्या गिटारवर जिथे अँप जरासा फाटत होता, तिथे आता तो आधीच भरलेला असतो, आणि भरलेल्या अँपमध्ये पिकचा जोर ऐकू येत नाही. फेंडर पद्धतीचे दोन इनपुट असतील तर दुसऱ्यात लावा, तो सहा डेसिबल कमी असतो. पॅसिव्हला त्या इनपुटवर ट्रेबल गमवावी लागते, तुम्हाला नाही.

मग पिकअपची उंची. चुंबकाची ओढ कमी म्हणून लोक अ‍ॅक्टिव्ह पिकअप तारेला चिकटवून बसवतात. रिफसाठी ठीक, तुमच्यासाठी नाही. शेवटचा फ्रेट दाबून बघा आणि नेकचा ८५ हळूहळू खाली घ्या, दर वेळी थोडा, दर वेळी तेच भावगीत वाजवून. एका ठिकाणी चढउतार परत येतो. तुमच्या कामासाठी क्लीन सगळं ८५ वर ठेवा, ८१ रिफपुरता.

१८ व्होल्ट त्यानंतर. ८१, ८५ दोन्हींना २७ व्होल्टपर्यंत चालतं, त्यामुळे धोका नाही. जोरात मारल्यावर प्रीअँपचं डोकं ९ व्होल्टवर छताला लागतं, १८ वर जागा मिळते. पण फायदा जोरात मारणाऱ्याला. तुमची तक्रार हळू वाजवण्याची आहे. उंची आणि गेन आधी.

बॅटरीचं कुणी लिहिलं नाही. जॅक स्टिरिओ असतो, केबल लावली की बॅटरी चालू. कार्यक्रम झाला की केबल काढा, गिटार स्टँडवर असली तरी. कंपनी एका पिकअपला सुमारे ३००० तास सांगते, तुमचे दोन म्हणून निम्मे धरा. अल्कलाइनच घ्या, साधी झिंकची पावसाळ्यात गळून क्लिप खाते. मोजून साडेसात व्होल्टच्या खाली आली की बदला, क्लीनमध्ये चरचर ऐकू येईपर्यंत थांबू नका. साडेसात हा माझा आकडा आहे, कंपनीचा नाही.

धागाकर्ता

८५ खाली घेतला, अँपचा गेन जवळजवळ निम्मा केला, ट्रेबल उतरवली. काल रियाझात आमच्या गायिकेनेच विचारलं, आज गिटार माझ्या मागे चालतेय, काय केलंत? १८ व्होल्टचा विचार सोडला.

आता एकच उरलंय. माझ्याकडे जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टर पद्धतीचा फझ (आवाज खरखरीत फाडणारं पेडल) आहे. पॅसिव्हवर व्हॉल्यूम उतरवला की तो सुरेख साफ व्हायचा, अ‍ॅक्टिव्हवर नुसता खरखरतो. त्या फझचा इनपुट इम्पीडन्स कमी असतो आणि त्याला पॅसिव्ह कॉइलशी खेळायचं असतं, इतकं समजलं. मध्ये पॅसिव्ह कॉइलसारखा भार देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा इंडक्टर कुणी स्वतः बसवून पाहिलाय का? इंडक्टन्स किती, मागे रेझिस्टर किती, एवढं सांगितलंत तर सोल्डरिंग मी करतो.