शब्दचर्चा : ‘कंडेन्सर माइक’चा ‘सर्किट बोर्ड’ मराठीत कसा लिहायचा?

धागाकर्ता
आयटीआयच्या मुलांसाठी चार पानांची टिपणं लिहितोय. विषय : घरी कंडेन्सर माइक बनवायचा आणि त्यातला छोटा सर्किट बोर्ड स्वतःच आखायचा. माइक वाजतोय. बोर्ड तीनदा केला, तिसरा जमला. अडलंय ते लिहिताना. भाषांतराच्या यंत्राला मथळा दिला तर उत्तर आलं : ‘संघनक ध्वनिक्षेपक परिपथ मंडळ’. वाचून डोळ्यांसमोर फ्रीजच्या मागची जाळी, गणपतीतला भोंगा आणि चहा-बिस्किटं घेत बसलेले सात सदस्य आले. यातला एक तरी शब्द वाचवता येईल का?

भाषांतरवाली
चारही शब्द एकेकटे बरोबर आहेत, एकत्र बसले की बिघडतात. ‘ध्वनिक्षेपक’ आधी काढा. क्षेपक म्हणजे फेकणारा. सभेसाठी परवाना काढतात तो ध्वनिक्षेपकाचा, म्हणजे भोंग्याचा. माइक आवाज फेकत नाही, घेतो. परिभाषेत त्याला ‘ध्वनिग्राहक’ किंवा ‘सूक्ष्मध्वनिग्राहक’ म्हणतात. दुसऱ्या शब्दाला तुमची मुलं हसतील, पण निदान तो उलट दिशेला तरी नेत नाही.

‘मंडळ’ची गंमत वेगळी आहे. बोर्ड म्हणजे मंडळ, हे संचालकांच्या बोर्डापुरतं खरं. इथला बोर्ड ही फळी आहे, पाटी आहे. त्यातून सर्किटलाच विश्वकोशी मराठीत ‘विद्युत मंडल’ म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ‘परिपथ’. ल आणि ळ एवढाच फरक. १९६० पासून २००५ पर्यंत ज्यांच्या घरी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं बिल आलं, त्यांना ‘मुद्रित विद्युत मंडल’ म्हणजे बिल छापणारं खातं वाटलं तर दोष कुणाचा?

रेडिओ दुरुस्तीवाला
संघनकाला एवढं हसू नका. १७८२ मध्ये व्होल्टाने आपल्या उपकरणाला इटालियनमध्ये ‘कोन्देन्सातोरे’ म्हटलं, ते वीज दाटून साठते या अर्थानेच. पाण्याची वाफ त्याच्या डोक्यात नव्हती. इंग्रजीवाले पुढे ‘कपॅसिटर’कडे वळले, जर्मन अजून ‘कोन्डेन्साटोर’च म्हणतात. १९१६ साली वेन्टे या अभियंत्याने वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत असा माइक केला तेव्हा जुनाच शब्द चालू होता. तो माइकच्या नावाला चिकटला आणि बाकी सगळीकडून गेला.

बाकी सगळीकडून म्हणजे साहेबांच्या देशात. आपल्याकडे कुठे गेलाय? पंखा गरगरण्याऐवजी रांगायला लागला की माणूस दुकानात येऊन म्हणतो, “अडीचचा कंडेन्सर द्या.” चाळीस वर्षांत मला ‘धारित्र’ कुणी मागितलेलं नाही. तुमच्या मुलांना पंख्याचा कंडेन्सर ठाऊक आहे, तिथूनच सुरुवात करा : पंख्यात दोन पत्रे गुंडाळलेले असतात, माइकमध्ये त्यातला एक पत्रा पडद्यासारखा हलतो. झालं.

शिक्षिका
काकांचं पटलं, तरी ‘धारित्र’ एकदा येऊ द्या. परीक्षेच्या पुस्तकात तोच शब्द असतो. पहिल्यांदा ‘कंडेन्सर, म्हणजे पुस्तकातलं धारित्र’ असं लिहायचं, मग बिनधास्त कंडेन्सर. ‘पडदा’ मात्र फार छान. ‘पटल’पेक्षा कितीतरी जवळचा, कारण कानाचा पडदा सगळ्यांना माहीत असतो आणि काम तेच.

धागाकर्ता
काका, रांगणारा पंखा टिपणात घेतला! ताई, धारित्र एकदाच घेतलं.

आता खरी अडचण सांगतो. माझ्या कॅप्सूलची, म्हणजे हलता पडदा आणि पत्रा असलेल्या डबीची, धारकता (वीज साठवायची ताकद) साधारण ६० पिकोफॅरड, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तिच्या मागे जेफेट, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टर, आणि जेफेटच्या गेटला, म्हणजे सिग्नल आत जातो त्या पायाला, एक रोधक. पहिल्या बोर्डावर घरात पडलेला १० मेगाओहमचा लावला. आवाज टेलिफोनसारखा, तबल्याचा डग्गा गायबच. गणित केलं तर ६० पिकोफॅरड आणि १० मेगाओहम मिळून सुमारे २६५ हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं. १ गिगाओहम, म्हणजे एक अब्ज ओहम, लावल्यावर तीच रेषा २.६५ हर्ट्झवर गेली आणि डग्गा परत आला.

पण अब्ज ओहमचा रोधक लावला की सगळा बोर्ड त्याच्याशी स्पर्धा करायला लागतो. बोटाचा ठसा, सोल्डरिंग करताना उरलेला राळेचा थर, पावसाळी हवा, प्रत्येकातून थोडी थोडी वीज पाझरते. त्या गेटच्या टोकाला इंग्रजीत ‘हाय इम्पीडन्स नोड’ म्हणतात, म्हणजे विजेला फार मोठा अडथळा असलेला जोड. मराठीत काय म्हणू?

रत्नागिरीकर
सोवळ्यातलं टोक! हात लावायचा नाही, ओलं चालायचं नाही, भोवती रेघ ओढायची.

(आमच्याकडे जूनमध्ये माइकसुद्धा सर्दी झाल्यासारखा तडतडतो, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.)

शिक्षिका
शब्द नेमका आहे हे कबूल, म्हणूनच जास्त खटकतो. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत की ज्यांच्या आज्यांना या शब्दाच्या नावाने पाणवठ्यावरून हाकललं गेलं. त्यांना हसत हसत ‘सोवळं’ शिकवणं मला जमणार नाही.

रत्नागिरीकर
मान्य, ताई. हे डोक्यातच आलं नाही. शब्द मागे घेतो.

भाषांतरवाली
बोर्डावर ते टोक प्रत्यक्षात कसं असतं ते सांगा ना. शब्द बहुतेक तिथेच सापडेल.

धागाकर्ता
दुसऱ्या बोर्डात मी त्याच्याभोवती तांब्याचं बंद कडं ठेवलं होतं, गेटच्या जवळपास त्याच व्होल्टेजवर. दोन्हीकडे दाब सारखा असला की पाझरायला कारणच उरत नाही. इंग्रजीत ‘गार्ड रिंग’. शिवाय खालच्या बाजूचं ग्राउंडचं तांबं तिथून खरवडून काढलं, कारण ते जवळ आलं की आपणच एक छोटा कंडेन्सर होतं. कॅप्सूलच्या ६० पिकोफॅरडला असे ६ जरी जोडले गेले तरी सिग्नलचा अकरावा हिस्सा खाल्ला जातो.

एवढं करूनही पावसात तडतड आली. चूक माझीच, डाख दिल्यावर राळ पुसलीच नव्हती. म्हणून तिसऱ्या बोर्डात ते टोक बोर्डावर ठेवलंच नाही. जेफेटचा गेटचा पाय वर वाकवला, गिगाओहमचा रोधक आणि कॅप्सूलची तार त्याला हवेतच जोडली. हवेसारखं इन्सुलेशन फुकटात दुसरं नाही. मग बाकीचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुतला आणि वाळवला.

भाषांतरवाली
मग हे ‘अधांतरी टोक’. शब्द जसाच्या तसा तयार आहे : खाली आधार नाही, हवेत लटकलेलं. ‘हाय इम्पीडन्स’चं हे भाषांतर नव्हे. पण वाचणाऱ्याचे हात नेमकं हवं ते करतील.

रेडिओ दुरुस्तीवाला
अधांतरी. वा! आणि तुम्ही ‘डाख’ लिहिलंत ते बघून बरं वाटलं. हल्ली सगळे ‘सोल्डर मारतात’. तांबटआळीत डाखच देतात. ‘गार्ड रिंग’ला नुसतं ‘कडं’ म्हणा, ‘लीकेज’ला ‘गळती’. छतालाही गळती, बोर्डालाही गळती, मुलगा लगेच ओला भाग शोधेल.

आणखी एक, ‘अर्थ’ शब्द जपून वापरा. आमच्याकडे एकजण लिहून गेला होता, “माइकला अर्थ नाही, त्यामुळे घूंऽ आवाज येतो.” मी त्याला म्हटलं, हे तर बऱ्याच भाषणांबद्दल खरं आहे.

शिक्षिका
‘अर्थिंग’ लिहा, घोळ होणार नाही. ‘भूसंपर्कन’ नको.

धागाकर्ता
‘ग्राउंड’ लिहितोय. बोर्डावरचं ते खरं म्हणजे जमिनीला लागलेलं नसतंच.

शेवटचा अडथळा, ‘फँटम’, म्हणजे माइकला लागणारी वीज. साउंड मिक्सरमधून ४८ व्होल्ट येतात, त्याच दोन तारांतून ज्यातून आवाज परत जातो. प्रत्येक तारेला ६.८ किलोओहमचा रोधक. ‘भूतवीज’ लिहू का?

रेडिओ दुरुस्तीवाला
नको रे बाबा. मंडपातली पोरं “फँटम दे” म्हणतात, तेच लिही. नाव टेलिफोनवाल्यांचं आहे : दोन जोड्यांच्या तारांवरून ते तिसरं बोलणं पाठवायचे, ज्याला स्वतःची तार नसायची. म्हणून भुताचं नाव. ४८ चा आकडा मात्र नॉर्वेच्या नभोवाणीतून आला. १९६६ मध्ये नॉयमान या जर्मन माइक कंपनीने त्यांच्यासाठी माइक केले, तेव्हा त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच वापरली.

भाषांतरवाली
म्हणजे वस्तूंची नावं दुकानातली आणि कामाची नावं घरातली, असं जमतंय. बोर्डाचं काय ठरलं? ‘पाटी’?

धागाकर्ता
‘पाटी’ करून पाहिली. वर्गात एका मुलाने विचारलं, “सर, पाटीवर खडूने आखायचं का?” म्हणून ‘बोर्ड’च ठेवला, पण ‘डिझाइन’ काढून ‘आखणी’ केली. आता पान दुसरं असं सुरू होतं :

“बोर्डाची आखणी करताना आधी अधांतरी टोकाची जागा सोडा. त्याच्याभोवती कडं काढा. मग उरलेल्या जागेत बाकीचे भाग बसवा. डाख देऊन झाला की राळ पूर्ण धुवा, नाहीतर पावसाळ्यात गळती होऊन माइक तडतडेल.”

रत्नागिरीकर
आमच्याकडे ‘पावसाळ्यात’ऐवजी ‘जून ते ऑक्टोबर’ लिहा.