मदत हवी आहे : क्रोटनच्या जुन्या जलवाहिनीवरून आईबाबांसोबत चालण्याविषयी

नमस्कार. माझे आईबाबा ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीला आमच्याकडे येत आहेत. बाबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे त्यांना ओल्ड क्रोटन जलवाहिनीवरची पायवाट दाखवावी, असे फार मनात आहे.

क्रोटन नदीचे पाणी 1842 मध्ये न्यूयॉर्क शहरात पोहोचवणारी ही 41 मैलांची विटांची वाहिनी कोणत्याही पंपाविना, मैलामागे जेमतेम 13 इंचांच्या उतारावर वाहत असे, आणि आज तिच्या माथ्यावरूनच हडसनच्या खोऱ्यातून चालत जाता येते. मी एकदा टॅरीटाउनजवळ थोडे चाललो होतो. झाडीत मध्येच उभा असलेला दगडी वायुस्तंभ (वाहिनीत हवा खेळती ठेवणारा मनोरा), त्याच्या सांध्यांतले शेवाळ आणि पायाखालून पाणी जात असे ही जाणीव, हे सारे बाबांनी स्वतः हात लावून पाहावे असे वाटते.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. सपाटीवर ती दोन-अडीच मैल सहज चालते, परंतु चढ-उतार व पायऱ्या तिला झेपत नाहीत. ऑसिनिंगचा दुहेरी कमानीचा पूल पाहता येईल असा, रेल्वे स्थानकाहून फारसा चढ न चढता गाठता येणारा टप्पा कोणता? वाटेत बसायला बाके आणि स्वच्छतागृहे आहेत का? पावसानंतर वाट निसरडी होते का? ज्येष्ठांना घेऊन तिथे गेलेल्यांनी कृपया सविस्तर कळवावे.